शुश्रूषा, दुर्धर बालविकारांतील

जे विकार महिनोन्‌महिने वा वर्षानुवर्षे टिकतात व ज्यांमुळे बालकाचे आयुष्य अकाली संपण्याचा संभव असतो, अशा विकारांनी ग्रस्त असलेल्या मुलांची व त्यांच्या कुटुंबियांची परिचारिकेने घ्यावयाची काळजी म्हणजे दुर्धर बालविकारांतील शुश्रूषा होय. तीव्र विकारांतील शुश्रूषेहून ती दोन बाबतींत भिन्न आहे. एक म्हणजे, तीव्र विकारात रुग्ण काही दिवसांत बरा होतो वा दगावतो. दुर्धर विकारात मात्र आजार आणि मुलाची वाढ या दोन गोष्टी बरोबरीने चालतात. त्यामुळे दात येणे, शाळेत जाणे, वयात येणे या सर्व टप्प्यांवर शुश्रूषेचे स्वरूप बदलत जाते. दुसरे म्हणजे, अशा मुलाचे बहुतेक दिवस रुग्णालयाबाहेर, घरी जातात. औषध देणारी, ताप पाहणारी व रात्री जागणारी व्यक्ती ही मुख्यतः आई किंवा आजी असते. म्हणून कुटुंब हे एकाच वेळी शुश्रूषा करणारे व शुश्रूषेची गरज असलेले असे दोन्ही असते. परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग कुटुंबाला शिकविणे व त्याला आधार देणे हा असतो.

विकारांचे प्रकार : ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने व एका सहयोगी संस्थेने १९९७ मध्ये केलेले चार गटांतील वर्गीकरण सर्वत्र वापरले जाते. (१) उपचाराने बरे होण्याची शक्यता असलेले, परंतु उपचार अयशस्वीही होऊ शकतील असे विकार, उदा., रक्ताचा कर्करोग, हृदयाचे गंभीर जन्मजात दोष. (२) दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांनी आयुष्य बरेच वाढविता येते, पण अकाली मृत्यूचा धोका राहतो असे विकार, उदा., स्नायूंचा दुशेन अपपोषण विकार, मानवी प्रतिरक्षा-न्यूनताकारक विषाणूचे (एचआयव्हीचे) संक्रामण. थॅलॅसीमिया व दात्रकोशिका विकार (सिकलसेल) यांचा विचारही शुश्रूषेच्या दृष्टीने याच गटाबरोबर करणे सोयीचे असते. (३) ज्यांवर मूळ उपचार नाही असे सतत वाढत जाणारे विकार, उदा., चयापचयाचे काही आनुवंशिक दोष. (४) स्वतः न वाढणारे, पण गुंतागुंतीमुळे प्राणघातक ठरणारे विकार, उदा., तीव्र स्वरूपाचा मस्तिष्क पक्षाघात. कोणत्या गटातील मूल आहे हे कळल्यास कुटुंबाला काय सांगावे व कशाची तयारी ठेवावी, हे ठरविणे परिचारिकेस सोपे जाते.

ऐतिहासिक आढावा : मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये यूरोपात एकोणिसाव्या शतकात निघाली, लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील रुग्णालय १८५२ मध्ये सुरू झाले. तेथे व अन्यत्र दीर्घकाळपर्यंत आईवडिलांना भेटीची वेळ फारच थोडी दिली जाई. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार करून आईच्या विरहाचा मुलावर होणारा परिणाम दाखविला, तर जॉन बोल्बी यांनी त्याची मानसशास्त्रीय मीमांसा केली. ब्रिटिश शासनाच्या प्लॅट समितीने १९५९ च्या अहवालात आईवडिलांना मुलाजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. भारतीय रुग्णालयांत नातेवाईकाने खाटेशेजारी सतरंजी टाकून राहण्याची रीत पूर्वीपासून आहे. पाश्चात्त्य देशांना जे प्रयत्नपूर्वक मिळवावे लागले ते येथे आयतेच होते. उणीव होती ती या नातेवाईकाला शुश्रूषेचा भागीदार मानण्याची.

महाराष्ट्रात परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घालण्यात पुण्याच्या सेवासदनाचा (स्थापना १९०९) वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली.

उपशामक चिकित्सेची (वेदना व अन्य क्लेश कमी करण्यावर भर देणाऱ्या चिकित्सेची) आधुनिक चळवळ सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे स्थापिलेल्या सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृहापासून सुरू झाली. केवळ मुलांसाठी असलेले पहिले शुश्रूषागृह ‘हेलन हाउस’ हे १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे निघाले. भारतातील पहिले उपशामक शुश्रूषागृह ‘शांती आवेदना सदन’ १९८६ मध्ये मुंबईत उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार मुलांची उपशामक चिकित्सा रोगनिदानापासूनच सुरू होते, मूळ उपचारांबरोबर चालते व तीत कुटुंबाचा अंतर्भाव होतो. ‘आता काही करता येण्यासारखे नाही’ असे ठरल्यावर करावयाची ती गोष्ट, हा समज या व्याख्येने दूर केला. महाराष्ट्रात २०१० नंतर टाटा मेमोरियल केंद्र व भारतीय उपशामक चिकित्सा संघटना यांच्या सहभागाने मुलांसाठी एक प्रकल्प राबविण्यात आला. त्यात मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाबरोबर जव्हारच्या आदिवासी भागातील कुटीर रुग्णालयाचाही समावेश होता. अशी सेवा महानगराबाहेर, साध्या साधनांनिशी देता येते, हे त्यावरून दिसून आले.

वाशिम जिल्ह्यातील परिस्थिती : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यापासून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. १२ लाख होती. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात व सोयाबीन, तूर, कापूस यांच्या शेतीवर वा शेतमजुरीवर उपजीविका करतात. बंजारा समाजाचे तांडे व आंध आदिवासींची वस्ती हे जिल्ह्याच्या लोकजीवनाचे वैशिष्ट्य आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश केला. येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि बालकर्करोगासारख्या विशेष उपचारांसाठी नागपूर (२०० किमी.हून अधिक) किंवा मुंबई (५०० किमी.हून अधिक) गाठावी लागते, अकोला हे सु. ८० किमी. अंतरावरील जवळचे मोठे केंद्र होय.

अंतराचा परिणाम शुश्रूषेवर थेट होतो. प्रवासाच्या दिवसाची मजुरी बुडते. पेरणी व सोंगणीच्या हंगामात तपासणीची तारीख चुकते. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या मुलाची औषधे मध्येच बंद पडतात. म्हणून मुलास घरी सोडताना तारीख नुसती कागदावर लिहून देणे पुरेसे नसते. ती हंगाम पाहून ठरवावी लागते, स्थलांतर होणार असल्यास औषधांचा साठा व आजाराची संक्षिप्त नोंद बरोबर द्यावी लागते आणि गावातील आशा कार्यकर्ती व उपकेंद्रातील परिचारिका यांना कळवावे लागते. तांड्यावरील आजी गोरमाटी बोलत असेल, तर औषधाच्या सूचना तिला तिच्या बोलीत समजल्या की नाहीत, हे तिच्याकडून वदवून घेणे हाच खात्रीचा मार्ग असतो.

दात्रकोशिका विकारातील शुश्रूषा : विदर्भात या शुश्रूषेचे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र म्हणजे दात्रकोशिका विकार होय. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अमेरिकेत त्याचे प्रथम वर्णन केले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा विकार रक्तारुणाच्या (हीमोग्लोबिनाच्या) रेणूतील दोषामुळे होतो असे दाखविले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व १९५८ मध्ये नागपूर येथील शुक्ल व सोळंकी यांच्या पाहणीत मध्य भारतात तो आढळल्याची नोंद झाली. विदर्भात आदिवासी जमातींबरोबरच अन्य अनेक जातींतही तो आढळतो. एकच सदोष जीन असणाऱ्या व्यक्तीला (वाहकाला) तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. पूर्वी हिवतापग्रस्त असलेल्या प्रदेशांत हा जीन टिकून राहिला तो यामुळेच.

प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी घटले किंवा थंडी वाजली, की सदोष रक्तारुणामुळे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात. त्या लवकर फुटल्याने पांडुरोग होतो, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्याने हाडांत व पोटात असह्य वेदना होतात. गर्भावस्थेतील रक्तारुणाचे प्रमाण घटू लागल्यावर, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांच्या वयानंतर, लक्षणे दिसू लागतात. हातापायांच्या बोटांना येणारी वेदनायुक्त सूज हे पुष्कळदा पहिले लक्षण असते.

या विकारात घरच्या शुश्रूषेवर मुलाचे प्राण अवलंबून असतात. आईला पुढील गोष्टी शिकविणे आवश्यक असते : (१) ताप : प्लीहा (पानथरी) निकामी होत गेल्याने जंतुसंक्रामण काही तासांत प्राणघातक ठरू शकते. ३८·५° से. वा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. (२) प्लीहा : डाव्या बरगडीखाली बोटांनी हलके दाबून प्लीहा तपासण्यास शिकावे. ती एकाएकी वाढली व मूल पांढरेफटक पडून मलूल झाले, तर रक्त प्लीहेत साठत आहे असे समजावे. अशा वेळी तातडीने रक्त द्यावे लागते. (३) पाणी : वैदर्भीय उन्हाळ्यात, ताप वा जुलाब असताना मुलाने नेहमीपेक्षा जास्त पाणी प्यावे. मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नसल्याने अशा मुलाला वारंवार लघवीला जावे लागते व अंथरूण ओले होते. हा आळस वा खोडी नव्हे, हे घरच्यांना व शिक्षकांना सांगावे. वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची व मध्येच बाहेर जाण्याची मुभा मिळवून द्यावी. (४) धोक्याची अन्य लक्षणे : छातीत दुखून धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडे बोलणे.

अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडाने दिलेल्या पेनिसिलिनामुळे न्यूमोकॉकस जंतूंच्या गंभीर संक्रामणाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हापासून पाच वर्षे वयापर्यंत दिवसातून दोनदा हे औषध देण्याची पद्धत रूढ झाली. मूल हसतेखेळते असताना रोज औषध का द्यावयाचे, हा आईचा प्रश्न स्वाभाविक असतो. त्याचे उत्तर परिचारिकेने संयमाने व पुन:पुन्हा द्यावे लागते. फॉलिक अम्ल, लसीकरण व डासांपासून संरक्षण यांचीही जोड हवी. हायड्रॉक्सियूरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. नागपूर येथे मुलांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते अल्प मात्रेतही उपयुक्त ठरले. ते चालू असताना रक्तकोशिकांची गणना ठराविक काळाने करावी लागते. गर्भवती स्त्रीने त्याची उघडी कॅप्सूल हाताळू नये.

दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल विकारग्रस्त होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. दोष आईकडून आला असे मानून सुनेला बोल लावण्याचे प्रकार घडतात. सदोष जीन आई व वडील या दोघांकडूनही आल्याखेरीज हा विकार होत नाही, हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांसमोर स्पष्टपणे सांगणे हे शुश्रूषेचेच अंग होय. राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणीने वाहक कळतात; परंतु आज विकारग्रस्त असलेल्या मुलाची काळजी हे त्याहून वेगळे व अधिक चिकाटीचे काम आहे.

थॅलॅसीमिया व रक्ताचा कर्करोग : तीव्र थॅलॅसीमियात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथी यांना अपाय करते. म्हणून लोहनिष्कासक औषध रोज घ्यावे लागते. रक्त देताना गट व नाव दोघांनी ताडून पाहणे, पहिल्या पंधरा मिनिटांत मुलाजवळ थांबून थंडी, पुरळ व धाप यांकडे लक्ष ठेवणे ही परिचारिकेची कर्तव्ये होत. औषध टाळण्याचे प्रमाण पौगंडावस्थेत वाढते. त्या वेळी धाक दाखविण्यापेक्षा औषधाची जबाबदारी हळूहळू मुलाच्याच हाती देणे हितावह ठरते.

लसीका कोशिकांच्या तीव्र कर्करोगात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. प्रगत देशांत बालकर्करोगाचे ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, गरीब देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. निदानास विलंब, उपचार मध्येच सोडणे व जंतुसंक्रामण ही त्याची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य ठेवले आहे. उपचार सोडण्यामागे बहुधा अज्ञानापेक्षा खर्च, परगावी राहण्याची अडचण आणि घरी राहिलेल्या भावंडांची काळजी ही कारणे असतात. म्हणून गैरहजर राहिलेल्या मुलाचा तत्काळ शोध घेणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे असते. पांढऱ्या कोशिका घटलेल्या असताना आलेला ताप हा तातडीचा प्रसंग होय. घरी हात धुणे, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न व मिठाच्या पाण्याने गुळण्या हे उपाय कोणत्याही कुटुंबास शक्य असतात.

वेदनेचे मापन व शमन : लहान मुलाला वेदना कमी जाणवतात हा समज चुकीचा आहे. बोलता न येणाऱ्या मुलात चेहरा, पाय, हालचाल, रडणे व समजूत घालता येणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन वेदना मोजतात. साधारण तीन-चार वर्षांनंतर हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून मुलालाच निवड करण्यास सांगतात. दीर्घकाळ दुखणे सोसणारे मूल रडत नाही. ते निपचित पडते व खेळणे सोडते. या शांततेला आराम समजण्याची चूक वारंवार होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या (२०१९ मध्ये मागे घेतलेल्या) मार्गदर्शनात सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन व तीव्र वेदनेस मॉर्फीन अशी दोन पायऱ्यांची पद्धत मुलांसाठी सांगितली होती. दात्रकोशिका विकारात आयबुप्रोफेन देण्यापूर्वी मूत्रपिंडांचा विचार करावा लागतो. औषधे दुखणे वाढण्याची वाट न पाहता वेळेवर, शक्यतो तोंडाने व वजनानुसार द्यावी लागतात. योग्य देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनाने मूल व्यसनी होते, ही भीती अनाठायी आहे. मात्र बद्धकोष्ठता होत असल्याने रेचक सुरुवातीपासून द्यावे लागते आणि अतिगुंगी व मंद श्वसन यांकडे लक्ष ठेवावे लागते. अंमली औषधांविषयीच्या १९८५ च्या कायद्यामुळे भारतात मॉर्फीन मिळणे दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते बाळगणे सुकर झाले. औषधाबरोबर शेक, मालिश, गोष्ट, गाणे व आईची मांडी यांचाही वेदनाशमनात वाटा असतो.

मुलाशी बोलणे : आजाराचे गांभीर्य मुलापासून लपविण्याकडे पालकांचा स्वाभाविक कल असतो. मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली मुले, कोणी न सांगताही, आपल्या स्थितीविषयी जाणत होती. पण आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणून अजाणतेपणाचे सोंग घेत होती, असे आढळले. अशा वेळी मूल आपल्या भीतीसह एकटे पडते. पाच वर्षांखालील मूल मृत्यूला प्रवासासारखे, परत येण्याजोगे मानते. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास त्याला मृत्यूची अटळता कळते. परिचारिकेने स्वतःहून सर्व काही सांगून टाकू नये व विचारल्यास खोटेही बोलू नये. ‘तुला काय वाटते?’ असे विचारून मुलाला किती कळले आहे ते पाहावे व त्याच्या वयाला समजेल एवढेच, पालकांच्या संमतीने सांगावे. सुई टोचण्यापूर्वी ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगितल्यास पुढील सर्व उपचारांवरील मुलाचा विश्वास उडतो.

कुटुंबाची शुश्रूषा : आजारी मुलाकडे सर्वांचे लक्ष लागल्याने निरोगी भावंडे दुर्लक्षित राहतात. आजार आपल्याच भांडणामुळे वा शापामुळे झाला, असे त्यांना वाटू शकते. त्यांना रुग्णालयात भेटू देणे व लहानसहान कामे सोपविणे उपयुक्त असते. वडील दुःख बोलून दाखवीत नाहीत म्हणून ते नसतेच असे नाही. नवस, अंगारा, दर्ग्याचा दोरा यांवर कुटुंबाची श्रद्धा असल्यास, अपाय होत नसेल तोवर तिची हेटाळणी करू नये. हेटाळणी झालेले कुटुंब पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

सामाजिक तरतुदींची माहिती देणे हेही परिचारिकेचे काम आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ यात थॅलॅसीमिया, हीमोफिलिया व दात्रकोशिका विकार यांचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा (२०१३) प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यातील पथके शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेक मोठ्या उपचारांचा खर्च भागविला जातो.

अंतिम अवस्था : मूळ उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. या काळात तोंडाची स्वच्छता, कुशी बदलणे, धाप लागल्यास उशांच्या आधाराने बसविणे व तोंडावर हलका वारा घालणे, झटके आल्यास करावयाचे उपाय व वेदनाशामक औषधांचा पुरेसा साठा यांकडे लक्ष द्यावे लागते. मुलाने खाल्ले नाही तर आईला अपराधी वाटते. भूक मंदावणे हा आजाराचा भाग आहे, तिची हयगय नव्हे, हे सांगावे लागते. पुष्कळ कुटुंबांना मुलाने घरी, आपल्या माणसांत असावे असे वाटते. घरी नेण्यापूर्वी कोणती लक्षणे दिसतील, रात्री कोणाला कळवावे व काय करू नये, हे समजावून दिल्यास शेवटच्या घटकेची घबराट व निष्फळ धावाधाव टळते. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी घरी जाऊन आईवडिलांना व भावंडांना भेटणे हा शुश्रूषेचा अखेरचा भाग मानतात. आनुवंशिक विकारात पुढील अपत्याविषयीचा सल्ला याच सुमारास, पण त्यांनी विषय काढल्यावरच देणे इष्ट असते.

परिचारिका : वर्षानुवर्षे परिचयाच्या झालेल्या मुलाचा मृत्यू परिचारिकेलाही शोक देतो. हा शोक व्यावसायिक दुबळेपणा नव्हे. सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची सोय, कामाच्या पाळ्यांची वाजवी वाटणी व विशेष प्रशिक्षण यांचा अभाव असल्यास परिचारिका एकतर कोरडी होते किंवा काम सोडते. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये उपशामक चिकित्साविषयक धोरण स्वीकारले व २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही तिचा अंतर्भाव झाला. या धोरणांचा लाभ मानोऱ्यासारख्या तालुक्यातील मुलापर्यंत पोहोचतो की नाही, हे उपकेंद्रातील परिचारिकेला मिळणारे शिक्षण, औषधे व वेळ यांवर अवलंबून राहते.